सायलेन्सर तापेपर्यंत

उज्जैनच्या दौलतगंजात एका मिस्त्रींचं गॅरेज होतं. आजही आहे, आता त्यांचा मुलगा चालवतो. मोहल्ला त्यांना उस्ताद म्हणायचा आणि आमच्या घरातही सगळे तेच म्हणत. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. हयातीत त्यांनी गॅरेजच्या पाटीवरसुद्धा स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं. त्यांचं माझ्यावर ऋण आहे आणि ते एका गंजलेल्या सायलेन्सरच्या कामातून आलेलं आहे. त्यामुळे त्या कामाची हकिगत मला तपशिलाने सांगावी लागेल. उस्तादांनी मला जे दिलं ते त्या तपशिलातच आहे.

मोटारसायकल बाबांची. येझदी, गडद लाल रंगाची, दोन्ही बाजूंना एकेक लांब चकचकीत सायलेन्सर असलेली. गिअरचा दांडाच मागे वळवून किक म्हणून वापरायचा, ही त्या गाडीची खासियत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून आधी जावा आणि मग येझदी बनत होत्या. एका सिलिंडरला दोन सायलेन्सर ही त्यांची जुनी ओळख. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्येच लिटरमागे चाळीस-पन्नास मिलिलिटर ऑइल मिसळायचं. मागे निळसर धूर आणि तो ठरावीक ताल. कार्तिक चौकाच्या वळणावर तो ताल ऐकू आला की आई कुकरखालचा गॅस बारीक करायला उठायची.

बाबा शाळेत चित्रकला शिकवत. तरुणपणी ते भारती कला भवनात विष्णु श्रीधर वाकणकरांकडे शिकले होते. वाकणकर म्हणजे उज्जैनच्या मराठी माणसांचे हरिभाऊ. १९५७ साली रेल्वेच्या डब्यातून दूरचे खडक पाहून ज्यांना भीमबेटका सापडलं, तेच. त्यांच्याबरोबर खडकांवरची चित्रं पाहायला, त्यांच्या नकला उतरवायला विद्यार्थी जात आणि बाबाही गेले होते. त्या चित्रांतला लाल रंग गेरूचा, म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडचा. बाबा सांगायचे की लोखंड एकदा पूर्ण गंजून मातीत मिळालं की त्याला आणखी काही होत नाही, म्हणून तो रंग हजारो वर्षं टिकला. मी पुढे रसायनशास्त्राकडे वळलो, विक्रम विद्यापीठातून एम. एस्सी. केलं, त्याच्या मुळाशी बाबांचं हे एक वाक्य आहे असं मला वाटतं.

दौलतगंजातल्या गॅरेजची पाटी बाबांनीच रंगवली होती. पत्र्याची पाटी, आधी रेड ऑक्साइडचे दोन हात आणि मग त्यावर पिवळ्या जमिनीवर निळी अक्षरं. रेड ऑक्साइड लावताना उस्तादांशी त्यांचं गेरूवरून बोलणं झालं होतं: हाही गंजच, पण तेलात घोटलेला, गंजाचाच थर देऊन पत्र्याला गंजापासून वाचवायचं. उस्तादांना ते इतकं आवडलं होतं की येणाऱ्या-जाणाऱ्याला ते पुढे कित्येक वर्षं सांगत. पाटीचे पैसे बाबांनी घेतले नाहीत आणि येझदीच्या प्लगचे, केबलचे पैसे उस्ताद बाबांकडून निम्मेच घेत. दोघांमध्ये असा हिशेब चालू होता. तो कधी कुठल्या वहीत मांडला गेला नाही.

१९९६ साली म्हैसूरचा कारखाना बंद पडला. पुढच्या वर्षी बाबा गेले. येझदी आमच्या वाड्याच्या ओसरीत, मोरीच्या भिंतीलगत उभी राहिली. तिच्याकडे बघायचं कोणाच्या मनात नव्हतं आणि ती विकायचा विषयही कोणी काढत नव्हतं. आई घरातून बाहेर पडेनाशी झाली. ती आधीपासूनच मितभाषी, आता दिवसचे दिवस देवघर आणि स्वयंपाकघर यांच्यापलीकडे जात नव्हती. महाकाल पाच मिनिटांच्या चालीवर, पण तिथेही नाही. दोन पावसाळे असे गेले.

मग एका सकाळी मी गाडी ओढत दौलतगंजात नेली. उस्तादांनी गाडीला प्रदक्षिणा घातली, टाकीवरून तळहात फिरवला आणि गुडघ्यावर बसून डाव्या सायलेन्सरवर स्क्रू ड्रायव्हरची लाकडी मूठ आपटत मागे मागे गेले. पुढे टणटण आवाज येत होता. मागच्या तिसऱ्या हिश्शात, खालच्या बाजूला, तो बसका झाला. तिथे त्यांनी टोच्या नुसता टेकवला आणि तो आत गेला. उजव्या बाजूलाही तेच. वरून निकल, म्हणजे क्रोमचा मुलामा, बऱ्यापैकी शाबूत होतं, खालचा पत्रा पापडासारखा झाला होता.

“ऊपर से नहीं गया, भाऊसाब. पानी अंदर से खाता है.”

हे मला रसायनशास्त्राच्या भाषेत ठाऊक होतं. एक लिटर पेट्रोल पुरतं जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. गाडी तापलेली असेल तर ते वाफ होऊन निघून जातं. सायलेन्सर थंड असेल तर वाफेचं आतच पुन्हा पाणी होतं, उतार मागे असल्याने मागच्या टोकाला साचतं. तेव्हाच्या पेट्रोलमध्ये गंधक बरंच असायचं, त्यामुळे त्या पाण्यात आम्लही उतरे. पुस्तकातली ही समीकरणं मी मुलांना शिकवत होतो. पण कुठल्या जागी कान लावायचा, हे मला उस्तादांनी शिकवलं. त्यांनी मला मूठ हातात देऊन पुन्हा पुन्हा आपटायला लावली, डोळे मिटून, जोपर्यंत मी सीमा बोटाने दाखवू शकलो नाही तोपर्यंत.

नवे सायलेन्सर मिळायची सोय राहिली नव्हती. बाजारात नकली मिळत, पातळ पत्र्याचे, आतल्या जाळीचा आकार भलताच असलेले. टू-स्ट्रोक इंजिनाला सायलेन्सरच्या आतला आकार फार महत्त्वाचा असतो. धूर बाहेर जाताना जी लाट उलटी येते तिच्यावर इंजिनाची ताकद बरीचशी ठरते. उस्ताद म्हणाले, असली माल शोधा, जुना असला तरी चालेल, पण असली पाहिजे. मी दादरच्या मामाला पत्र लिहिलं. मामा कुर्ल्याच्या भंगारबाजारात गेला आणि येझदीच्या सायलेन्सरची जोडी त्याने मिळवली. ती गोणपाटात गुंडाळून तो स्वतः अवंतिका एक्सप्रेसने घेऊन आला. मामाचंही हे ऋणच. गुडघे दुखत असताना तो माणूस बाजारात भंगाराचे ढीग उपसत हिंडला.

जोडी बाहेरून भयंकर दिसत होती. निकलला सगळीकडे तांबेरा, मध्येमध्ये फोड. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून तो निकलला खालून उचलून धरतो. पण मूठ आपटली की आवाज टणक येत होता. उस्तादांनी मागचे नट सोडवायला डिझेलचे बोळे रात्रभर बांधून ठेवले, दुसऱ्या दिवशी गॅसच्या ज्योतीने हळूहळू गरम केलं आणि हातोडा न उचलता जाळ्या बाहेर काढल्या. मग एक तोंड लाकडी गुट्टीने बंद करून दुसऱ्या तोंडातून जळत्या गोणपाटाचा धूर फुंकला. बारीक भोकांतून धुराच्या रेषा निघाल्या. प्रत्येक ठिकाणी खडूची खूण झाली. मामा खुर्ची ओढून हे सगळं पाहत होता. दुपारचं जेवण त्याने तिथेच गॅरेजात मागवलं.

“ये समंदर के पास रहा है,” उस्ताद म्हणाले. त्यांनी गंजाचा खपला बोटांत चोळून दाखवला. आमच्याकडचा गंज कोरडा, भुकटीसारखा पडतो. हा थरांथरांनी सुटत होता आणि बोटांना ओलसर लागत होता. मालव्याची हवा कोरडी. कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाने आजारी होऊन देवासला आले ते या हवेसाठीच, हे आमच्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. माणसाच्या फुप्फुसांना मानवते ती हवा लोखंडालाही मानवते. मुंबईच्या हवेत मीठ असतं आणि ते गंजाच्या खड्ड्यांत जाऊन बसतं. वरून कितीही घासा, रंग लावा, खड्ड्याच्या तळाशी राहिलेलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि रंगाखाली गंज पुन्हा चालू होतो.

काम पावणेदोन महिने चाललं असेल. उस्तादांचं नेहमीचं गिऱ्हाईक सांभाळून, संध्याकाळी. मी कॉलेजातून सुटून थेट तिथे जात असे.

आधी आतला कोळसा. टू-स्ट्रोकच्या सायलेन्सरमध्ये जळक्या ऑइलचा काळा, चिकट थर साचतो आणि पुढे तो दगडासारखा होतो. जाळ्या भट्टीत लाल केल्या आणि ठोकून झाडल्या. सायलेन्सरच्या पोटात कॉस्टिक सोड्याचं पाणी भरून ठेवलं. इथे मी आग्रहाने पुढे झालो, कारण गॅरेजातली पोरं सोड्यावर पाणी ओतत. सोडा पाण्यात हळूहळू टाकायचा, उलट केलं तर उकळी फुटून तोंडावर येतं. हातमोजे, चष्मा आणि अॅल्युमिनियमचा एकही भाग जवळ नको. उस्तादांनी पोरांना रांगेत उभं करून माझ्याकडून ते पुन्हा वदवून घेतलं. त्यांच्या गॅरेजात तेव्हापासून तो नियम झाला.

मग गंज. मला वाटलं होतं अॅसिड लावतील. त्यांनी उसाची मळी आणवली, आमच्याकडे तिला शीरा म्हणतात. एक भाग मळी, नऊ भाग पाणी, प्लॅस्टिकच्या पिंपात. त्यात सायलेन्सर बुडवून वर झाकण, झाकणावर दगड. आठवड्याभरात ते आंबून असा वास सुटला की शेजारचा शिंपी भांडायला आला. पण मळी गंज तेवढा विरघळवते, चांगल्या लोखंडाला हात लावत नाही. अॅसिड दोन्ही खातं, आणि सायलेन्सरच्या पत्र्याच्या घडीत शिरलं तर तिथून निघत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी आतून वर येतं. उस्ताद रोज पिंपात हात घालून पत्रा चाचपत. बाहेर काढल्यावर पाण्याच्या धारेखाली काळा गाळ निघून गेला आणि खालून करडं, खवल्याखवल्यांचं, पण स्वच्छ लोखंड दिसलं. जिथे निकल शाबूत होतं तिथला तांबेरा त्यांनी सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी पाण्यात भिजवून घासला. अॅल्युमिनियम निकलपेक्षा मऊ, त्यामुळे चरे पडत नाहीत आणि गंज निघतो. लोखंडी काथ्या त्यांनी कोणालाही वापरू दिला नाही.

आता मीठ. उकळतं पाणी ओतायचं, खड्डे ब्रशने घासायचे, ओतून टाकायचं, पुन्हा. किती वेळा, हे उस्ताद अंदाजाने सांगत. मी विचारलं, आपण तपासून पाहू या का? प्रयोगशाळेतून सिल्व्हर नायट्रेटची छोटी बाटली आणली. शेवटचं धुणं बॅटरीच्या पाण्याने करायचं, कारण नळाच्या पाण्यात मुळातच थोडं मीठ असतं. ते धुतलेलं पाणी काचेच्या ग्लासात घेऊन मी त्यात दोन थेंब टाकले. पाणी ताबडतोब दुधासारखं पांढरं झालं. उस्ताद उभे राहिले. दुसऱ्या ग्लासात नुसतं बॅटरीचं पाणी, दोन थेंब, काही नाही. त्यांनी दोन्ही ग्लास उजेडात धरून कितीतरी वेळ पाहिलं. सगळ्या पोरांना बोलावून दाखवलं. मग त्यांनी मला थांबवलं आणि स्वतःच्या हाताने पुढची धुणी केली, प्रत्येक वेळी ग्लास माझ्यासमोर धरत. पांढरेपणा विरळ होत गेला, मग नुसती झाक राहिली आणि शेवटी पाणी स्वच्छ राहिलं. त्या दिवशी त्यांनी मला पहिल्यांदा ‘मास्टरसाब’ म्हटलं. बाबांना ते याच नावाने हाक मारत. मी काही बोललो नाही, तेही बोलले नाहीत.

भोकं गॅसवर पितळी तारेने झाळली. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. इलेक्ट्रिक वेल्डिंगने तो जळून भोक मोठं होतं. ठिगळाला जुन्या सायलेन्सरचाच चांगला पत्रा कापून वापरला, बाबांच्या गाडीच्या मूळ जोडीतला. ही कल्पना त्यांचीच. झाळल्यावर टाकणखाराचा काचेसारखा थर राहतो, तो टिचवून, धुऊन काढला. मग पुन्हा धूर फुंकला. कुठूनही रेषा निघाली नाही.

मला त्या जोडीवर पुन्हा निकल चढवून हवं होतं. पैसे साठवले होते. बाबांच्या वेळी दिवाळीच्या आदल्या दिवशी ते सायलेन्सर झळकत असत, तसेच ते दिसावेत एवढीच इच्छा. उस्तादांनी नकार दिला आणि कारणं सांगितली. निकल चढवायला आधी सगळं घासून गुळगुळीत करावं लागतं, म्हणजे उरलेला पत्रा आणखी पातळ. आत निकल पोचतच नाही. बुडवताना टाकीतलं पाणी घडीत अडकतं. क्रोमचा वरचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, शोभेपुरता. राखण करतो तो त्याखालचा निकेलचा थर, आणि तो नीट जाड देणारा कारागीर त्यांच्या ओळखीत उरला नव्हता. त्यांनी वरचं मूळ निकल जिथे होतं तिथे ठेवलं, मागच्या उघड्या भागाला फॉस्फोरिक आम्लाचा हात फिरवला, करडी झिलई आली, ती पुसून सुकवून त्यावर भट्टीला लावतात तो उष्णता सोसणारा चंदेरी रंग दिला, पातळ, दोन हात. तो निर्णय तेव्हा मला कटू वाटला होता. ती जोडी आज पंचवीस वर्षांनंतरही गाडीला आहे.

फॉस्फोरिक आम्लावरून पुढची एक गोष्ट इथेच सांगतो. काही वर्षांनी मी कानपूरच्या आयआयटीतले प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांचे दिल्लीच्या लोहस्तंभावरचे लेख वाचले. कुतुबजवळचा तो सात मीटरहून उंच, सहा टनांहून जड खांब सोळाशे वर्षं उघड्यावर आहे. त्यावरच्या लेखातला ‘चंद्र’ राजा म्हणजे दुसरा चंद्रगुप्त विक्रमादित्य असं बहुतेक विद्वान मानतात, म्हणजे आम्हा उज्जैनकरांच्या दृष्टीने घरचाच. त्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, शेकडा पाव भाग, आजच्या पोलादाच्या कितीतरी पट. पृष्ठभागावर फॉस्फेटचा एक घट्ट, पातळ थर बसतो आणि तो आतल्या धातूला सांभाळतो. हवेच्या ओल्या-सुक्या फेऱ्यांनी तो थर पक्का होत जातो. मी हे उस्तादांना सांगायला गेलो, अतिशय आनंदाने, की तुम्ही जे सायलेन्सरवर केलंत तेच त्या खांबावर आपोआप झालेलं आहे.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, “और जमीन के अंदर?”

जमिनीत गाडलेला भाग गंजलेलाच निघाला होता. तसं मी सांगितलं. उस्तादांनी मान हलवली. पाणी जिथे थांबतं तिथे खातं, मग ते राजाचं लोखंड असो. इतक्या वर्षांच्या अध्यापनात इतका नेमका प्रश्न मला फार थोड्या विद्यार्थ्यांनी विचारला.

सायलेन्सरवरचा रंग भाजावा लागतो, तोही एका दमात नाही. पहिल्या दिवशी गाडी पाच मिनिटं चालू ठेवून बंद, थंड होऊ द्यायची. मग दहा मिनिटं. मग मंगळनाथापर्यंत सावकाश जाऊन यायचं. प्रत्येक वेळी उस्ताद वरून पाण्याचा एक थेंब टाकून तो किती झटकन उडतो ते पाहत. अखेर गाडी माझ्या ताब्यात देताना त्यांनी सायलेन्सरच्या अगदी मागे, सगळ्यांत खालच्या बिंदूवर, दोन-अडीच मिलिमीटरचं भोक पाडलं. इतक्या कष्टाने बुजवलेल्या भोकांनंतर हे पाहून मी चपापलो. साचणारं पाणी तिथून ठिबकून जावं म्हणून ते होतं. मग त्यांनी पथ्य सांगितलं. धुतल्यावर गाडी ओली ठेवायची नाही, चालवून सुकवायची. पावसाळ्यात महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर मागच्या तोंडातून थोडं ऑइल सोडून गाडी हलवून घ्यायची आणि तोंडाला बोळा मारायचा. बोळ्याला लाल चिंधी बांधायची, म्हणजे तो काढायचा विसर पडत नाही. आणि मिनिटभर चालू करून बंद करायचं, हे कधीही करायचं नाही. त्याने पाणी तयार होतं आणि आतच राहतं.

“कितनी दूर चलाओगे?” त्यांनी विचारलं.

कार्तिक चौकातून गोपाळ मंदिर, गोपाळ मंदिरापासून फ्रीगंज, तिथून कॉलेज. शहरातल्या एवढ्या अंतरात सायलेन्सर पुरता तापत नाही. उस्ताद म्हणाले, आठवड्यातून एकदा देवासला जाऊन या. पस्तीस-सदतीस किलोमीटर जाणं, तेवढंच येणं. आणि मग, हात पुसता पुसता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, की गाडी दोन माणसांच्या वजनावर नीट तापते. माँसाहेबांना मागे बसवून न्या, टेकडीवरच्या देवीचं दर्शनही होईल.

दोन माणसांच्या वजनाने इंजिनावर भार वाढतो, धूर जास्त गरम येतो, यात खोटं काही नाही. पण त्यासाठी आईच कशाला, एखादा मित्रही चालला असता. त्यांनी ते का सुचवलं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आमच्या घरात काय चाललंय हे त्यांना कोणी सांगितलं असेल, तेही मला कळलं नाही. आईला मी जसंच्या तसं सांगितलं: उस्ताद म्हणतात, सायलेन्सर टिकवायचा असेल तर तू मागे बसायला हवंस. दर्शनाला चल म्हटलं असतं तर ती नाही म्हणाली असती. हे मात्र बाबांच्या गाडीचं काम होतं. रविवारी सकाळी तिने नऊवारीवर बाबांचा जुना मफलर डोक्याला गुंडाळला आणि ती येऊन बसली.

पहिल्या रविवारी ती पूर्ण रस्ता बोलली नाही. देवासला टेकडीवर तुळजाभवानीसमोर बराच वेळ बसली. उतरताना तिला आठवलं की तिची बालमैत्रीण पायथ्याशीच कुठेतरी राहते. दुसऱ्या रविवारी ते घर सापडलं. त्यानंतर ती स्वतःच शनिवारी रात्री विचारू लागली, गाडीत ऑइल घातलंस का. देवासला दोन म्हाताऱ्या पोह्यांच्या बशा घेऊन ओट्यावर बसत, देवास संस्थानच्या थोरल्या पातीच्या आणि धाकट्या पातीच्या जुन्या भांडणांवर बोलत, कुमारजींच्या मैफली आठवत. एका परतीच्या वाटेवर ती माझ्या पाठीमागून काहीतरी गुणगुणत होती. येझदीच्या आवाजात शब्द ऐकू येत नव्हते. मी वेग कमी केला नाही, ती थांबली असती.

घरी आलो की ती आधी ओसरीत उभी राहून सायलेन्सरच्या मागच्या टोकाशी हात नेई, न टेकवता, आणि म्हणे, “तापलाय चांगला.” मग आत जाई.

अशी सहा-सात वर्षं गेली, तिचे गुडघे चालत होते तोवर. सिंहस्थाच्या २००४ सालच्या पर्वात रस्ते बंद होते तेव्हाही आम्ही मागच्या वाटांनी बाहेर पडलो. त्या वर्षांतली आई मला मिळाली ती उस्तादांमुळे. त्याच्याआधीची ओसरीतली दोन वर्षं मला आठवतात, म्हणून हे मी खात्रीने लिहू शकतो.

पैशांचा विषय मी अर्थातच काढला होता. सायलेन्सरच्या कामाचं त्यांनी काही घेतलं नाही. वर हात करून पाटी दाखवली. पाटीचा पिवळा रंग तोपर्यंत फिकटला होता, एका कोपऱ्यात तांबेरा आला होता. मी म्हटलं, निदान ती नव्याने रंगवून देतो, चांगला पेंटर आणतो. ते त्यांना चाललं नाही. मास्टरसाबांच्या अक्षरांवर दुसऱ्याचा हात नको. शेवटी मी आणि त्यांचा मुलगा शिडीवर चढलो, कोपरा तेवढा घासून रेड ऑक्साइड लावलं आणि अक्षरांवरून पारदर्शक वार्निशचा एक हात फिरवला. वार्निशची किंमत त्यांनी विचारून घेतली आणि निम्मी माझ्या खिशात कोंबली.

उस्ताद गेले त्या पावसाळ्यात आईला मी सांगायला गेलो, तर तिला आधीच कळलं होतं. ती त्यांच्या घरी जाऊन आली, रिक्षाने, एकटी. उस्तादांच्या बायकोबरोबर दुपारभर बसली होती. दोघी काय बोलल्या ते तिने सांगितलं नाही.

२०१८ साली जावा पुन्हा बाजारात आली. आता इंजिन फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारं, पण सायलेन्सर मात्र दोनच. आणि ती बनते पिथमपूरला, आमच्यापासून दोन तासांवर. तिथे नोकरी करणारा एक मराठी मुलगा, माझ्या जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा, गेल्या वर्षी आजोबांची १९६०च्या दशकातली जावा टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आला. अलिबागच्या घरात पडून होती. सायलेन्सरची स्थिती मी मुठीने आपटून सांगितली, पण काम दौलतगंजातच व्हायला हवं होतं. उस्तादांच्या मुलाने पिंपात मळी कालवली. तो माझ्याकडे वळून म्हणाला, “मास्टरसाब, दूधवाली दवा ले आना.” सिल्व्हर नायट्रेट मी घरीच ठेवतो, काळ्या बाटलीत. धुण्याचं पाणी स्वच्छ होईपर्यंत आम्ही दोघं तिथे बसलो. पिथमपूरच्या मुलाने हातात वही घेऊन सगळं लिहून काढलं. गॅस, तार, रंग आणि मजुरी यांचं रीतसर बिल त्याला मिळालं आणि त्याने ते चुकतं केलं. माझ्या येझदीच्या बेंडचं पॅकिंग त्याच दिवशी बदललं होतं. त्याचे पैसे मी विचारले, तर उस्तादांच्या मुलाने निम्मे सांगितले.